पलीकडच्या काठावरचा मी

माझी नात हैदराबादला नोकरी करते. दिवाळीत आली तेव्हा तिनं एक इंग्रजी कादंबरी हातात ठेवली, 'द मिडनाइट लायब्ररी'. लेखक मॅट हेग, पुस्तक २०२० सालचं. "आबाजी, तुम्ही इतिहास वाचता ना, मग तुम्हाला हे आवडेल," म्हणाली. आमचं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं. शब्दकोश जवळ घेऊन महिनाभर पुरवून पुरवून वाचलं. वाचून झाल्यावर तिचा फोन आला, "कसं वाटलं?" मी म्हटलं, चांगलं आहे. फोनवर तेवढंच बोलता येतं. बाकीचं इथे लिहितो आहे, तिनं रागावू नये.

गोष्ट अशी. इंग्लंडातल्या बेडफर्ड गावात नोरा सीड नावाची पस्तिशीची बाई आहे. नोकरी गेली, मांजर मेलं, भाऊ बोलत नाही, कुणाला आपली गरज नाही असं वाटून ती जीव द्यायला निघते. पण मरणाच्या आणि जगण्याच्या मधे तिला एक ग्रंथालय लागतं. तिथे रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि घड्याळ पुढे सरकत नाही. कपाटं संपत नाहीत, आणि प्रत्येक पुस्तक म्हणजे तिचंच एक आयुष्य, वेगळा निर्णय घेतला असता तर जे झालं असतं ते. पुस्तक उघडलं की ती त्या आयुष्यात जाते. एकात ऑलिंपिकची जलतरणपटू, एकात प्रसिद्ध गायिका, एकात उत्तर ध्रुवाकडे हिमनद्यांचा अभ्यास करणारी, एकात नवरा आणि गोड मुलगी. कुठेच मन लागलं नाही की परत ग्रंथालयात.

आता चांगलं ते आधी सांगतो. शाळेतल्या ग्रंथपाल बाई, मिसेस एल्म, फार छान उतरल्या आहेत. शाळेच्या लायब्ररीत एकट्या पडलेल्या पोरीशी बुद्धिबळ खेळणारी बाई, अशी माणसं शाळांत असतात, मी पाहिली आहेत. खचलेल्या माणसाला हे पुस्तक आधार देत असेल तर त्याच्यावर टीका करणारा मी कोण. पण मंडळी, तिसऱ्या-चौथ्या आयुष्यापासून मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. काय चुकतंय ते लवकर कळेना. मग लक्षात आलं. नोरा बदलते, पण तिच्याभोवतीचं जग काही केल्या बदलत नाही! ती पोहायला लागते, गायला लागते, ऑस्ट्रेलियात जाते. पण इंग्लंड तेच, तिथली भाषा तीच, सरकार तेच, तिच्या पासपोर्टचा रंगसुद्धा तोच. जणू माणसाचं आयुष्य म्हणजे त्याच्या स्वतःच्या निर्णयांची बेरीज. लग्न करू की नको, पोहणं सोडू की नको, बस्स. तिच्याकडे 'पश्चात्तापांचं पुस्तक'ही आहे. त्यात सगळे पश्चात्ताप तिच्या स्वतःच्या हातून झालेल्या, न झालेल्या गोष्टींचे. मी विचार करत बसलो, आपल्या भागातल्या माणसाच्या हाती असं पुस्तक दिलं तर त्यात काय लिहिलेलं असेल? त्यातली निम्मी पानं त्याला वाचताही येणार नाहीत, कारण ते निर्णय त्यानं घेतलेलेच नाहीत. ते फारसीत, इंग्रजीत झाले, कलकत्त्याला, हैदराबादला, दिल्लीला.

हाच विषय मराठीत एका माणसानं किती वेगळा हाताळला होता, ते आठवलं. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' नावानं ती अकरावीच्या पुस्तकात होती, त्यामुळे अनेकांनी वाचली असेल. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात अशा मुंबईत, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून शाबूत आहे. हे कसं, म्हणून ते ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड काढतात. सगळं ओळखीचं, फक्त १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांची गोळी हुकलेली. तेवढ्यानं पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. तिथेही ग्रंथालय आहे बघा, पण गंगाधरपंत स्वतःचं आयुष्य शोधायला जात नाहीत, ते देशाला काय झालं ते शोधायला जातात. नारळीकर शास्त्रज्ञ होते, एक गोळी कानाजवळून गेली तर काय काय बदलतं याचा हिशेब त्यांनी नीट मांडला. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मी ती कथा पुन्हा वाचली होती.

तरीही, खरं सांगतो, तीही गोष्ट पेशव्यांची. विश्वासराव वाचले तर राज्य वाचलं. त्या राज्यातल्या एखाद्या बाईला बाजारात कोणतं नाणं चालवावं लागलं, पोराला कुठल्या लिपीत धुळाक्षरं गिरवावी लागली, हे गंगाधरपंतांनी पाहिलं नाही. मुंबईतच अडकले बिचारे.

मला हे सगळं सुचतं त्याचं कारण मी जिथे राहतो ते गाव. मुकुटबन म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण-पूर्वेचं टोक, तालुका झरी-जामणी. सिमेंटच्या कारखान्यामुळे आता लोकांना नाव माहीत झालंय. नाहीतर पूर्वी "मुकुटबन कुठे?" या प्रश्नाला "वणीच्या खाली" हे उत्तर. आमच्या दक्षिणेला पैनगंगा. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. आज अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. जमीन दोन्हीकडे काळी, पीक दोन्हीकडे कापूस, तूर. गोंड, कोलाम, बंजारा, कुणबी, माळी दोन्हीकडे. पलीकडे बेला, जैनद या भागात घराघरांत मराठी. म्हणजे एकच माणसं, एकच माती, फक्त मधे पाणी आणि पाण्याच्या दोन बाजूंना दोन राज्यकर्ते. आपण असतो तसे नसतो तर कसे असतो, हे बघायला आम्हाला कुठल्या ग्रंथालयात जावं लागत नाही. उन्हाळ्यात तर गुडघाभर पाण्यातून जाता येतं.

आता ही नदी सीमा कशी झाली ते बघा. वऱ्हाड मुळात निजामाचाच. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी आपली फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाच्या माथी. खर्च थकत गेला, कर्ज वाढलं, आणि २१ मे १८५३ च्या तहानं निजाम नासिरुद्दौल्यानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या हवाली केला. तीन तुकडे एकाच कागदावर, एकाच दिवशी. पुढे १८५७ च्या धामधुमीत हैदराबादनं इंग्रजांची बाजू सोडली नाही. त्याचं बक्षीस म्हणून १८६० च्या तहानं पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव परत, रायचूर परत. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. इथे कापूस होता, आणि वर्षभरातच अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होऊन वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

शाळेत शिकवताना मी फळ्यावर हे तीन तुकडे काढत असे. धाराशिवच्या माणसाची पुढची ८८ वर्षं आणि आमची ८८ वर्षं, यातला फरक त्या १८६० च्या एका कलमाचा. तिकडे निजामशाही, उर्दू, शेवटी रझाकार. इकडे इंग्रजी कायदा, रेल्वे, टिळकांची चळवळ, वणीत जन्मलेले बापूजी अणे. मुलांना धाराशिव कुठे आहे हे नकाशात दाखवावं लागे, पण मुद्दा त्यांना कळत असे. एका पोरानं विचारलं होतं, "गुरुजी, आपल्याले वापस दिलं असतं त?" इतिहासाच्या तासाला यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आणि वापस देण्याचा प्रश्न अनेकदा आला होता. सर सालारजंगांनी १८७० च्या दशकात खूप खटपट केली, इंग्रजांनी दाद दिली नाही. १९०२ ला लॉर्ड कर्झननं मीर महबूब अलींकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं. (आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी जिल्हा होतं बरं का. १९०५ ला ते यवतमाळ झालं. वणीकरांना अजून त्याची रुखरुख आहे.) मग २५ ऑक्टोबर १९२३ ला निजाम मीर उस्मान अलींनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला पत्र घातलं, वऱ्हाड परत द्या, मी वऱ्हाडला स्वायत्त कारभार देतो. २७ मार्च १९२६ ला रीडिंगचं उत्तर आलं, आणि ते उत्तर संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण त्यात इंग्रजी सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्या निर्णयावर फेरविचार मागायचा नाही असं संस्थानिकांतल्या सगळ्यात मोठ्याला स्पष्ट बजावलं होतं. समजूत म्हणून १९३६ ला पदव्या दिल्या. निजाम झाले 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे', आणि युवराज झाले 'प्रिन्स ऑफ बेरार'. या प्रिन्सनं मुकुटबन कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे पाहा, रीडिंगनं त्या दिवशी 'हो' म्हटलं असतं तर पैनगंगा ही सीमाच राहिली नसती. माझ्या वडिलांचं शिक्षण उर्दूत झालं असतं. आमच्या घराचा व्यवहार हाली सिक्क्यात झाला असता. सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई झाली, १३ ते १७, पाच दिवस. ती आमच्या अंगणातून गेली असती.

हे नुसतं कल्पनेतलं नाही, कारण आमच्या घरातलं एक माणूस ते जगलं. माझ्या आत्याबाई १९४६ ला पलीकडे दिल्या. सोयरीक कशी जमली ते विचारू नका, नदीच्या दोन्ही बाजूंच्या सोयरिकी राजांना विचारून होत नव्हत्या. तेव्हा पलीकडे जाताना करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे निजामाची जकात. लुगडी, भांडी, सगळ्याची झडती. आहेराचे पैसे इकडच्या रुपयांत, ज्याला कलदार म्हणत. तिकडच्या हाली रुपयाची किंमत कमी, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आत्याबाई अखेरपर्यंत कुठलीही महाग वस्तू पाहिली की विचारायच्या, "कलदार का हाली?" आम्ही पोरं हसायचो. त्यांच्या यजमानांना मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. सही उर्दूत, जमिनीची पहाणी उर्दूत. १९४८ चा उन्हाळा आणि पावसाळा आत्याबाईंनी माहेरी काढला. सीमेवर तेव्हा पलीकडून आलेल्या लोकांचे कॅम्प पडले होते. त्या दिवसांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. विचारलं की म्हणत, "नदीले पाणी लय होतं त्या साली," आणि विषय बदलत.

त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, १९५० ला आमच्याच घरी जन्मला. मीही त्याच साली, तीन महिने मागून. सुईण एकच, खोलीही एकच. म्हणून या कादंबरीत ज्याला 'दुसरं आयुष्य' म्हटलंय, ते माझ्यासाठी पुस्तक नाही, माणूस आहे. अजून आहे, आणि फोनवर मोठ्यानं बोलतो.

मी मध्य प्रदेशातला, तो हैदराबाद राज्यातला. आम्ही दोघं पहिलीत जायच्या वयाचे झालो तेव्हा दिल्लीत आमचं काय करायचं ते ठरत होतं. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या आयोगानं ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. त्यात दोन शिफारशी अशा होत्या की आमच्या दोघांची आयुष्यं त्यात आली. एक, आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य वेगळं करावं. दुसरी, तेलंगणा सध्या आंध्रात न घालता हैदराबाद राज्य म्हणून वेगळा ठेवावा. दोन्ही बाजूला पडल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मी गेलो द्विभाषिक मुंबई राज्यात, तो गेला आंध्र प्रदेशात. १ मे १९६० ला मी महाराष्ट्रात आलो. घराचा उंबरठा न ओलांडता दहा वर्षांच्या आत माझी तीन राज्यं झाली. त्याचं तिसरं राज्य यायला २ जून २०१४ उजाडावा लागला. म्हणजे १९५५ च्या अहवालातली त्याची शिफारस एकोणसाठ वर्षांनी का होईना खरी झाली, आमची कागदावरच आहे. विदर्भ हवा की नको यावर माझं मत आहे, पण ते सांगायची ही जागा नाही. बापूजी अणे १९६२ ला त्याच मुद्द्यावर नागपुरातून लोकसभेवर निवडून आले होते, एवढं तरुण मंडळींना माहीत असावं म्हणून नोंदवतो.

आणखी एक गंमत. आदिलाबाद जिल्ह्यातली सगळीच गावं आंध्रात गेली नाहीत. किनवट आणि राजुरा या तहसिली १९५६ ला मुंबई राज्यात आल्या, आधी नांदेडला. पुढे राजुरा १९५९ ला चांद्याला जोडलं. म्हणजे निजामाच्या त्याच काठावरचा पूर्वेकडचा तुकडा मराठीत आला, पश्चिमेकडचा बेला-जैनदचा तुकडा तेलुगूत गेला. आत्याबाईंचं गाव दुसऱ्या तुकड्यात. काही कोस पूर्वेला दिल्या असत्या तर माझा आतेभाऊ कोरपन्याकडचा झाला असता, आणि पुढची गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

तो सातवीपर्यंत पलीकडच्या मराठी शाळेत शिकला. पुढे तिकडे मराठीची सोय नव्हती, म्हणून वडिलांनी त्याला आमच्याकडे आणलं. वणीला एका खोलीत राहून आम्ही दोघांनी मॅट्रिक केलं. गणितात तो माझ्या पुष्कळ पुढे होता. माझी भूमितीची प्रमेयं त्यानंच समजावली. निकालात त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण. दोघांनी मिळून डी.एड.चे अर्ज भरले, एकाच शाईनं. माझा मंजूर झाला. त्याचा परत आला, परराज्याचा रहिवासी असल्याचा शेरा मारून. वडील कचेरीत जाऊन आले, की मुलगा इथे जन्मला, इथे शिकला. बापाची जमीन कुठे, एवढंच विचारलं गेलं. तो पलीकडे गेला. तिकडे मास्तरकीला तेलुगू लागायचं, आणि त्याला तेलुगू बाजारापुरतंच येई. त्यातच १९६९ ला तिकडे मुलकी-गैरमुलकीचं तेलंगणा आंदोलन पेटलं, शाळा-कॉलेजं बंद पडली. त्यानं नांगर धरला तो धरलाच. मी छत्तीस वर्षं मास्तर होतो, आणि वर्गात पायथागोरस शिकवताना दरवेळी त्याचीच वाक्यं वापरत होतो.

आता सांगा, यात त्यानं कोणता निर्णय चुकवला? नोराच्या त्या पश्चात्तापांच्या पुस्तकात त्यानं कोणतं पान उघडावं? आणि मी तरी असा काय शहाणा निर्णय घेतला होता? मी फक्त नदीच्या या बाजूला राहिलो. माझ्या नातीला मी हे सांगू इच्छितो, की पुस्तक वाईट नाही, पण त्यातलं कपाट फार लहान आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, इकडचं ते सगळं बरं आणि तिकडचं वाईट असं म्हणायचंय का? अजिबात नाही. उलट झालेलंही पाहिलंय. २०१८ मध्ये तेलंगणानं 'रयतू बंधू' सुरू केली, सुरुवातीला एकरी ४,००० रुपये दर हंगामाला, पुढे ५,०००. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून शेतीला चोवीस तास फुकट वीज. आमच्याकडे रात्री बाराला वीज येणार म्हणून माणसं टॉर्च घेऊन विहिरीवर बसायची. तेव्हा नांदेडकडच्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. आमच्याकडेही पारावर तीच चर्चा. त्या दोन-तीन वर्षांत आतेभावाचा आवाज फोनवर जरा जास्तच मोठा असे. कापूस मात्र तिकडच्याही शेतकऱ्याला मारतोच, आत्महत्या तिकडेही आहेत.

बंजारा समाजाचं तर याहून टोकाचं. १९७६ च्या कायद्यानं आंध्र प्रदेशातले लंबाडा, म्हणजे बंजारा, सरसकट अनुसूचित जमातीत आले. आपल्याकडे ते विमुक्त जातीत राहिले. एकाच तांड्यातले दोन भाऊ, एक नदीच्या इकडे राहिला, एक तिकडे गेला. एकाचा मुलगा जमातीच्या सवलतीत शिकला, दुसऱ्याचा वेगळ्या रांगेत उभा राहिला. त्या काळात इकडचे पुष्कळ लोक तिकडे जाऊन राहिले, त्यावरून तिकडच्या गोंडांशी त्यांचे वाद झाले, ते अजून मिटलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. टीव्हीवाले विचारत होते हे गॅझेट म्हणजे काय. पैनगंगेच्या काठावर कुणाला ते विचारावं लागलं नाही.

आणि दोन आयुष्यं एकदमच जगणारी माणसं पाहायची असतील तर जिवती तालुक्यात जावं. तिथे चौदा गावं अशी आहेत की महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडे मतदान. महाराजगुडा गावातल्या एका घराची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये सगळीकडे आली होती. सीमा घराच्या मधून जाते, स्वयंपाकघर तेलंगणात आणि झोपायची खोली महाराष्ट्रात, घरपट्टी दोन्हीकडे. लोक हसले. मला त्या घरच्या बाईचा विचार आला, ती रोज चूल पेटवायला परराज्यात जाते. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही गावं पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. त्यावर तिथल्या लोकांचं एकमत दिसलं नाही. एकच पुस्तक हातात राहणार म्हटल्यावर दुसरं सोडवत नसेल.

कादंबरी संपली तेव्हा मी आतेभावाला फोन केला आणि गोष्ट सांगितली. आता तो पंच्याहत्तरीचा, गुडघे गेलेत, शेत मुलगा पाहतो. नातवंडं तेलुगू माध्यमातली, माझ्याशी हिंदीत बोलतात. सगळं ऐकून घेतल्यावर विचारतो, "त्या पुस्तकात नदी हाय का?"

"नाही," म्हटलं.

"मंग कायचं पुस्तक! पण त्या दुसऱ्या जन्मात गेल्यावर पेन्शन भेटते का तिले?"

मी हसलो. तोही हसला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं विचारलं, "तुले किती भेटते आता?"

मी आकडा सांगितला. तो थोडा वेळ बोलला नाही. "बरं हाय," म्हणाला, आणि मग सरकीच्या भावावर आला. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११०, पण ओलावा जास्त दाखवून खाली पाडतात, तुमच्याकडे काय चाललंय ते विचारून कळव, म्हणाला. वणीच्या मार्केटमधून भाव विचारून मी त्याला दुसऱ्या दिवशी कळवला.